बाळाचं इसब आणि खाण्याचं वावडं : आधी कातडी, मग ताट

रात्री दोन वाजता चादरीवर नखं घासल्याचा खर्र-खर्र आवाज ज्यांच्या घरात येतो, त्यांच्यासाठी हे लिहितोय. आमची लेक चार महिन्यांची असताना तिच्या गालांवर लाल, खरखरीत चट्टे आले. "लाळेमुळे आहे, दात आले की जाईल," असं जो तो सांगत होता. सहाव्या महिन्यात चट्टे नडग्यांवर, मनगटांवर आणि मानेच्या घडीत पोचले आणि रोज सकाळी उशीच्या अभ्र्यावर रक्ताचे बारीक ठिपके दिसायला लागले. आज ती साडेचार वर्षांची आहे आणि रात्रभर झोपते. मधल्या काळात आम्ही जवळजवळ सगळ्या चुका करून पाहिल्या.

त्यातली सगळ्यात महागात पडलेली चूक म्हणजे कातडी दुरुस्त करायचं सोडून आम्ही काही महिने "हिला कशाचं वावडं आहे" तेच शोधत बसलो. खाण्यातला चोर सापडला की अंग आपोआप बरं होईल, अशी आमची पक्की समजूत होती. त्यापायी लेकीचं वजन थांबलं आणि कातडी तशीच राहिली. म्हणून खालच्या पायऱ्यांचा क्रम मुद्दाम असा आहे.

मी डॉक्टर नाही. कोणतं औषध, किती दिवस, हे तुमच्या डॉक्टरांनीच ठरवायचं. त्यांच्यासमोर बसताना काय विचारायचं आणि घरी आल्यावर काय करायचं, एवढं मात्र मी सांगू शकतो.

## १. हे इसबच आहे ना, ते पक्कं करा

डॉक्टर याला ॲटोपिक डर्मटायटिस म्हणतात. तान्ह्या बाळात ते गाल, कपाळ, टाळू आणि हातापायांच्या बाहेरच्या बाजूला दिसतं. मूल मोठं झालं की कोपराच्या आणि गुडघ्यामागच्या घड्यांत सरकतं. लंगोटाची जागा बहुतेक वेळा कोरी राहते. घरात कुणाला दमा, सकाळच्या शिंका किंवा लहानपणी इसब असेल तर शक्यता वाढते.

गोंधळ होतो तो तीन गोष्टींशी. घरातल्या दोघा-तिघांना रात्री खाज सुटत असेल आणि बोटांच्या बेचक्यांत पुरळ असेल, तर खरजेचा संशय घ्या. तिचा उपचार सगळ्या घराने एकाच वेळी करायचा असतो. कडा उठलेलं गोल चक्र असेल तर तो नायटा असू शकतो. त्यावर नुसतं स्टिरॉइड लावलं तर तो आतल्या आत पसरतो. आणि उन्हाळ्यातलं घामोळं गार हवेत बसलं की उतरतं, इसब उतरत नाही.

आधी बालरोगतज्ज्ञ आणि दोन-तीन आठवड्यांत फरक नसेल तर त्वचारोगतज्ज्ञ, हा साधा मार्ग आहे. खासगी परवडत नसेल तर पुण्यात ससून किंवा मुंबईत केईएम, सायन, नायर अशा रुग्णालयांत त्वचेची ओपीडी असते. अशा ठिकाणी पाटीवर "त्वचा व गुप्तरोग विभाग" असं लिहिलेलं दिसलं तर बाळाला घेऊन दारातून परत फिरू नका. खातं एकच असतं.

एक गोष्ट पहिल्याच दिवशी समजून घ्या. या मुलांची कातडी न सारवलेल्या भुईसारखी असते. आतला ओलावा भेगांतून उडून जातो आणि बाहेरची धूळ, साबण, जंतू आत शिरतात. काही मुलांत फिलॅग्रिन नावाचं कातडीतलं प्रथिन जन्मतःच कमी पडतं. "आतली उष्णता बाहेर पडतेय, पडू द्या" हे ऐकलं की नुसती मान हलवा आणि सारवणाच्या कामाला लागा.

## २. सामान आणि कागद आधी जमवा

डॉक्टरांकडे नेण्याच्या फाइलमध्ये हे असू द्या:

- चट्ट्यांचे फोटो, तारखेसह. खिडकीच्या उजेडात, फ्लॅश न वापरता. डॉक्टरांकडे गेल्या दिवशी अंग नेमकं बरं असतं, हा सगळ्यांचाच अनुभव.
- आजवरच्या सगळ्या चिठ्ठ्या, आणि वापरलेल्या मलमांच्या ट्यूबा, रिकाम्या झालेल्यासुद्धा. "ते निळ्या झाकणाचं" यावरून कुणालाही काही कळत नाही.
- लसीकरणाचं कार्ड आणि वजन-उंचीच्या नोंदी.
- साबण, तेल, पावडर, कपड्यांचा साबण यांची नावं.
- एक वही. त्यात काय खाल्लं, किती वाजता, काय झालं आणि किती मिनिटांनी, एवढंच लिहायचं.

घरात लागणाऱ्या वस्तू: स्वयंपाकघरातला छोटा वजनकाटा, नखं कापायला बोथट टोकाची कात्री, शिवण नसलेले सुती मोजे, मऊ सुती कपड्यांचे चार-पाच जोड आणि ट्यूबवर उघडल्याची तारीख टाकायला मार्कर पेन. वजनकाटा कशाला, ते चौथ्या पायरीत.

## ३. मालीश आणि अंघोळ : घरच्यांशी पहिला सामना

आमच्याकडे न्हाऊ घालायला येणाऱ्या मावशींचा हात फार चांगला. पण त्यांची रीत अशी: मोहरीच्या तेलाने रगडून मालीश, मग अंगावरची लव जावी म्हणून कणकेचा गोळा फिरवायचा, मग डाळीचं पीठ, हळद आणि दुधाची साय लावून कढत पाण्याने अंघोळ आणि शेवटी वावडिंग-ओव्याची धुरी. निरोगी कातडीचं बाळ यातून तुकतुकीत बाहेर पडतं. इसबाचं बाळ सोलून निघतं.

यात अन्नाची भानगड आहे, ती मला फार उशिरा कळली. अन्न पोटातून गेलं की शरीर बहुतेक वेळा त्याला आपलं मानतं. तेच अन्न फाटलेल्या कातडीतून आत गेलं तर शरीर त्याला परकं ठरवून बसू शकतं, असं ॲलर्जीचे तज्ज्ञ आता मानतात. म्हणजे वावड्याच्या भीतीने आम्ही दूध आणि गहू ताटातून काढत होतो आणि तीच साय, तीच कणीक रोज सकाळी उघड्या चट्ट्यांवर घासत होतो. तेव्हा उटणं, साय, कणीक, मसुराचं पीठ, बदाम तेल बंद. बकरीचं दूध, ओट किंवा बदाम घातलेली "नैसर्गिक" क्रीमंही नकोत.

मोहरीचं तेल झोंबतं आणि महागाचं ऑलिव्ह तेल कातडीचा वरचा थर आणखी सैल करतं. साधं खोबरेल बऱ्याच मुलांना चालतं. मावशींना आम्ही काढून टाकलं नाही. हातात खोबरेल दिलं आणि "डॉक्टरांनी रगडू नका सांगितलंय, नुसतं फिरवा" असं म्हटलं. डॉक्टरांच्या नावावर बऱ्याच गोष्टी खपतात, तेवढा आधार घ्यायला हरकत नाही.

अंघोळ रोज घातली तरी चालते. पाणी कोपराला ना गरम लागावं ना गार. पाच ते दहा मिनिटं पुरे. फेस होणारा साबण नको, सुगंध नसलेला सौम्य क्लेन्झर, तोही मळलेल्या जागीच. मग पंचा दाबून पाणी टिपायचं, पुसायचं नाही, आणि अंग ओलसर असतानाच तीन मिनिटांत पुढची पायरी.

## ४. मॉइश्चरायझर : तुम्ही लावताय त्याच्या तिप्पट

"आम्ही भरपूर लावतो," असं मी छातीठोकपणे सांगितलं. डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "डबा किती दिवसांत संपतो?" सांगता येईना. म्हणून सोमवारी सकाळी डबा काट्यावर ठेवला आणि पुढच्या सोमवारी पुन्हा ठेवला. सात दिवसांत ३८ ग्रॅम संपलं होतं. बाई म्हणाल्या, हिच्या अंगाला आठवड्याला निदान दीडशे ग्रॅम जायला हवं. ब्रिटनमधली सरकारी मार्गदर्शिका तर इसबाच्या मुलांना आठवड्याला २५० ते ५०० ग्रॅम द्या म्हणते. तुमचा आकडा डॉक्टरांना विचारा आणि काट्यावर मोजा. अंदाज सगळ्यांचाच चुकतो.

वास नसलेलं, रंग नसलेलं घ्या. डब्यावर "बेबी" लिहिलंय म्हणजे ते सौम्य असतं असं नाही. सर्वांत स्वस्त पर्याय साधी पेट्रोलियम जेली, आणि ती वाईट नाही. मात्र मुंबई-कोकणच्या दमट हवेत चिकट थराखाली घामोळं उठतं. तिथे उन्हाळ्यात क्रीम आणि थंडीत मलमासारखं जाड, असा बदल करा. डब्यात बोटं घालू नका, चमच्याने काढा. केसांच्या दिशेने, वरून खाली, न चोळता लावा. दिवसातून निदान दोनदा, आणि अंग छान दिसत असेल त्या दिवशीसुद्धा.

एक धोका फारसं कुणी सांगत नाही. जेली आणि अशी क्रीमं कपड्यांत मुरतात आणि असा कपडा चटकन पेट घेतो. धुतल्यावरही ते पूर्ण जात नाही. औक्षणाचं निरांजन, दिवाळीतल्या पणत्या आणि फुलबाज्या अशा बाळापासून लांबच ठेवा.

## ५. स्टिरॉइड मलम : घाबरून थोडं आणि न विचारता फार, दोन्ही चुकीचं

आम्ही १० ग्रॅमची ट्यूब तीन महिने पुरवली आणि त्याचा आम्हाला अभिमान वाटायचा. मुगाच्या दाण्याएवढं घेऊन अख्ख्या पायाला लावायचो, लाली जरा उतरली की बंद करायचो, चार दिवसांनी चट्टा परत यायचा आणि आम्ही म्हणायचो, "बघा, स्टिरॉइडने दाबलं जातं, बरं होत नाही." त्यात औषधाचा दोष नव्हता, आम्ही ते पुरेसं लावतच नव्हतो.

माप असं असतं. मोठ्या माणसाच्या तर्जनीच्या टोकापासून पहिल्या पेरापर्यंत ट्यूबमधून पिळलेली रेघ म्हणजे एक बोटपेर, साधारण अर्धा ग्रॅम. तेवढं मोठ्या माणसाच्या दोन पंजांएवढ्या जागेला पुरतं. एक-दोन वर्षांच्या मुलाच्या एका हाताला दीड आणि एका पायाला दोन बोटपेरं लागतात. दोन्ही हात आणि दोन्ही पाय धरले तर सात बोटपेरं, म्हणजे साडेतीन ग्रॅम, आणि हे एका वेळचं. आता आमच्या तीन महिन्यांच्या ट्यूबचा हिशेब तुम्हीच करा.

डॉक्टरांना हे पाच प्रश्न विचारा आणि उत्तरं चिठ्ठीवर लिहून घ्या: हे मलम सौम्य, मध्यम की तीव्र? चेहऱ्याला कोणतं, अंगाला कोणतं? दिवसातून किती वेळा? कधी थांबवायचं? परत आलं तर काय? आम्हाला मिळालेली खूण फार उपयोगी ठरली: लाली गेली म्हणून थांबायचं नाही, डोळे मिटून हात फिरवला आणि खरखर लागली नाही की थांबायचं. चेहरा, मान, काख, जांघ इथली कातडी पातळ असते, म्हणून तिथे हायड्रोकॉर्टिसोनसारखं सौम्यच. पुन्हा पुन्हा त्याच जागी उठणाऱ्या चट्ट्यांना आठवड्यातून दोन दिवस राखणीचं मलम लावायला सांगतात, तेही डॉक्टरांना विचारूनच. दोन वर्षांपुढच्या मुलांना स्टिरॉइड नसलेलं टॅक्रोलिमस हाही पर्याय असतो.

दुसऱ्या टोकाचा सापळा औषधाच्या दुकानात असतो. "खाजेवर काहीतरी द्या" म्हटलं की बऱ्याचदा जी ट्यूब हातात पडते तिच्यात तीव्र स्टिरॉइड, बुरशीचं औषध आणि अँटिबायोटिक असं तिन्ही असतं. क्लोबेटासॉल किंवा बेटामेथासोन हे नाव वाचलं तर बाळाला लावण्याआधी डॉक्टरांना फोन करा. केंद्र सरकारने २०१८ मध्ये बरीच स्टिरॉइड मलमं चिठ्ठीशिवाय विकू नयेत असा नियम केला, पण नियम गल्लीपर्यंत पोचायला वेळ लागतो. नाव नसलेल्या डबीतलं "पूर्ण आयुर्वेदिक" मलम दोन दिवसांत जादू करत असेल, तर जास्तच सावध व्हा. अशा डब्यांत न सांगता घातलेलं स्टिरॉइड सापडलेलं आहे.

चट्टा बरा झाल्यावर तिथे पांढुरका डाग राहतो. आमच्या आत्याबाईंनी तो पाहून "कोड तर नाही ना?" असं हलक्या आवाजात विचारलं आणि घरात दोन दिवस चूल गार. कोड नव्हतं. सूज येऊन गेल्यावर रंग मागे पडतो, काही महिन्यांत भरून येतो. शंका असेल तर डॉक्टर विशिष्ट दिव्याखाली बघून सांगतात.

## ६. रात्र, कपडे, पाणी

"खाजवू नकोस" म्हणून उपयोग शून्य. ओला गार रुमाल दाबून धरा, फ्रिजमध्ये ठेवलेलं मॉइश्चरायझर लावा, हातात काहीतरी द्या. नखं दर तीन दिवसांनी. गुंगी आणणारी खाजेची सिरपं रोजची करू नका. त्यांनी मूल पेंगतं, इसबाची खाज मात्र फारशी थांबत नाही. फार चिघळलं तर सुती कपड्याचा एक ओलसर थर आणि वर एक कोरडा असे "ओले कपडे" घालतात. आम्हाला त्याने दोन रात्रींत आराम पडला. पण ते आधी नर्सकडून करून दाखवून घ्या, आणि पू-खपली असेल तर करू नका.

आजीने विणलेला लोकरी स्वेटर टोचतो. आतून पूर्ण बाह्यांचा सुती झबला घालून वर तो घातला की आजीही खूश. कपडे एकदा जास्त खळबळा, सुगंधी कंडिशनर नको, मानेमागची लेबलं कापा. घरात विडी-सिगारेट, धूप, उदबत्ती नको.

पैसे कुठे घालू नयेत तेही सांगतो. बोअरच्या जड पाण्यामुळे होतंय म्हणून आम्ही पाणी मऊ करणाऱ्या यंत्राचं कोटेशन मागवलं होतं. जड पाण्याच्या भागात इसब जास्त दिसतं हे खरं, पण ब्रिटनमध्ये अशी यंत्रं घरोघरी बसवून केलेल्या चाचणीत (२०११) मुलांच्या इसबात नेहमीच्या उपचारापेक्षा जास्त फरक पडला नाही. रेशमी औषधी कपड्यांची (२०१७) आणि अंघोळीच्या पाण्यात घालायच्या तेलांची (२०१८) तीच गत. वाचलेले पैसे मॉइश्चरायझरवर घाला.

## ७. केव्हा थांबायचं नाही

पिवळी, मधासारखी खपली, पू, अचानक वाढलेली लाली, ताप दिसला तर त्याच दिवशी दाखवा. आणि एकाच आकाराचे, मधे खड्डा पडलेले बारीक दुखरे फोड झपाट्याने पसरत असतील, मूल मलूल असेल, तर रात्र असली तरी इस्पितळात जा. तो नागिणीच्या जातभाईचा, हर्पिसचा संसर्ग असू शकतो. डोळ्यांच्या जवळ असेल तर जास्तच घाई. म्हणूनच ओठावर "जर" उठलेल्या कुणालाही बाळाची पापी घेऊ देऊ नका. माणसं रागावतात. रागावू द्या.

## ८. आता वावडं

आधी हे लक्षात घ्या की बऱ्याच मुलांचं इसब कुठल्याच पदार्थामुळे नसतं. इसब आणि वावडं एकाच मुलात असू शकतात, पण एकामुळे दुसरं असेलच असं नाही. मॉइश्चरायझर आणि मलम मापात सुरू करून दोन-चार आठवडे होऊ द्या. निम्म्याहून जास्त "वावडी" आमच्या घरात तेवढ्यातच विरून गेली.

खऱ्या वावड्याची गोष्ट बहुधा घड्याळावर कळते. खाल्ल्यापासून काही मिनिटं ते दोन तासांत अंगावर पित्त उठणं, ओठ-डोळे सुजणं, उलटी, खोकला, आवाज घोगरा होणं. आणि दर वेळी तेच. दुसरा प्रकार उशिराचा असतो, म्हणजे शौचात रक्त-शेम, सतत उलट्या, वजन न वाढणं. "परवा वांगं खाल्लं आणि आज खाजतंय" हे यातल्या कशात बसत नाही. वांग्याची बदनामी आपल्याकडे पिढीजात आहे.

आमचं काय झालं ते सांगतो. आठव्या महिन्यात कुणीतरी सुचवलं म्हणून एका लॅबचं "संपूर्ण ॲलर्जी पॅकेज" घेतलं. माणूस घरी येऊन रक्त घेऊन गेला. चार दिवसांनी कित्येक पानांचा अहवाल आला. त्यात दूध, गहू, तूर, शेंगदाणा, अंडं, तांदूळ, सगळ्यांपुढे तांबडी पट्टी. तांदूळसुद्धा! पोरगी रोज पेज खात होती. तरी आम्ही दूध, गहू आणि डाळ बंद केली, दुधाऐवजी कुठून कुठून बकरीचं दूध आणलं, आणि बायकोनेही अंगावर पाजते म्हणून तेच पथ्य धरलं. तीन महिन्यांत लेकीच्या वजनाची रेघ आडवी झाली आणि बायको उन्हात उभी राहिली की चक्कर यायची. इसब जिथल्या तिथे.

मग नव्या डॉक्टरीणबाईंनी तो अहवाल बाजूला ठेवला आणि विचारलं, "काय खाल्ल्यावर, किती मिनिटांत, नेमकं काय झालं, असं एकदा तरी झालंय?" बायको आठवत म्हणाली, सातव्या महिन्यात आईंनी उकडलेल्या अंड्याचा तुकडा भरवला होता. दहा मिनिटांत तोंडाभोवती गांधी उठल्या आणि एकदा उलटी झाली. आम्ही ते "घशात अडकलं असेल" म्हणून सोडून दिलं होतं. बाई म्हणाल्या, "हे खरं वावडं. बाकीचं तपासून बघू." दूध आणि अंडं या दोन्हींपुढे कागदावर तांबडी पट्टी सारखीच होती. फरक सापडला तो एका प्रश्नाने.

म्हणून चाचण्यांबद्दल हे लक्षात ठेवा:

रक्तातल्या आयजीई (वावड्याशी जोडलेलं प्रतिपिंड) चाचणीत किंवा कातडीवर टोचून केलेल्या चाचणीत "पॉझिटिव्ह" म्हणजे शरीर त्या पदार्थाला ओळखतं, एवढंच. खाल्ल्यावर त्रास होईलच असं नाही. इसबाच्या मुलांत खोट्या पॉझिटिव्ह फार. म्हणून ज्याचा संशय आहे त्याच दोन-चार पदार्थांची चाचणी करा, शंभर-दोनशेंची नको. टोचणीच्या चाचणीत थेंब ठेवून हलकं टोचतात आणि पंधरा-वीस मिनिटांनी उठलेली गाठ मोजतात. ३ मिलिमीटर किंवा जास्त असेल तर ती धरतात. त्याआधी साधारण आठवडाभर खाजेची सिरपं बंद ठेवायला सांगतात, ते आधीच विचारा, नाहीतर हेलपाटा पडतो. आयजीजी नावाच्या दुसऱ्या प्रतिपिंडाच्या अन्न-चाचण्या आणि केसांच्या चाचण्या पूर्ण टाळा. शेवटचा निकाल देते ती इस्पितळात, डॉक्टरांसमोर, कणाकणाने वाढवत खाऊ घालण्याची चाचणी.

सापळा क्रमांक एक: बकरीचं किंवा म्हशीचं दूध हा गाईच्या दुधाच्या वावड्यावर उपाय नाही. प्रथिनं इतकी मिळतीजुळती असतात की बहुतेक मुलांना तिन्ही बाधतात. सापळा दोन: संशयावरून बंद केलेला पदार्थ ठरावीक मुदतीने, बहुधा दोन-चार आठवड्यांनी, परत देऊन बघायचा असतो. नाहीतर ते पथ्य जन्माचं होतं. सापळा तीन, आणि हा गंभीर: चाचणी पॉझिटिव्ह असताना बरेच महिने बंद ठेवलेला पदार्थ घरी आपल्या मनाने परत सुरू करू नका. दरम्यान शरीराची सवय मोडलेली असते आणि पहिल्याच घासाला जोराची प्रतिक्रिया येऊ शकते. आमचं दूध इस्पितळातच चमच्या-चमच्याने परत सुरू झालं. काही झालं नाही. त्या दिवशी संध्याकाळी तिने वाटीभर दही-भात खाल्ला.

शेंगदाणा, अंडं वगैरे घाबरून लांबणीवरही टाकू नका. लंडनमध्ये ६४० बाळांवर झालेल्या आणि २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात तीव्र इसब किंवा अंड्याचं वावडं असलेल्या बाळांपैकी साधारण निम्म्यांना लहानपणापासून शेंगदाणा खाऊ घातला, बाकीच्यांना दिला नाही. पाचव्या वर्षी शेंगदाण्याचं वावडं न खाणाऱ्यांत सुमारे १७ टक्के, खाणाऱ्यांत सुमारे ३ टक्के. आपल्याकडे दाण्याचं कूट घरात असतंच. बारीक कूट पेजेत पातळ करून द्यायचं, अख्खा दाणा मात्र पाच वर्षांखाली कधीच नाही, घशात अडकतो. तुमच्या बाळाचं इसब तीव्र असेल तर पहिला घास कधी आणि कुठे द्यायचा ते डॉक्टरांना विचारून ठरवा.

## ९. वावडं खरं ठरलं तर

पाकिटावरचं बारीक अक्षर वाचायची सवय लावा. आपल्याकडे ग्लुटेन असलेली धान्यं, दूध, अंडं, मासे, कोळंबी-खेकड्यासारखे कवचवाले प्राणी, शेंगदाणा, सुकामेवा आणि सोया वेगळे जाहीर करावे लागतात. तीळ आणि मोहरी मात्र घटकांच्या यादीतच शोधा. अंड्याच्या वावड्याला एक सोय आहे: अंडं घातलेल्या पदार्थावर हिरवी खूण नसते, तपकिरी असते. पण सुट्ट्या बेकरी मालाला हे काही लागू नाही.

डॉक्टरांकडून एका पानावर लेखी योजना मागून घ्या. नुसतं पित्त उठलं तर काय, आणि श्वास घरघरला, आवाज बसला, मूल लुळं पडलं, पुन्हा पुन्हा उलट्या झाल्या तर काय. दुसऱ्या यादीतलं काहीही दिसलं तर इलाज ॲड्रेनालिनचं मांडीतलं इंजेक्शन हाच आहे, खाजेचं सिरप नाही. परदेशात मिळतं तसं स्वतः टोचायचं तयार पेन आपल्याकडे सहज मिळत नाही. म्हणून ते कसं मिळवायचं, किंवा जवळचं चोवीस तास चालणारं इस्पितळ कोणतं, हे आजच ठरवा. १०८ ला फोन करा, मुलाला आडवं ठेवा, श्वासाला त्रास असेल तर बसवा, पण चालवत नेऊ नका.

अंड्याचं वावडं आहे म्हणून गोवर-रुबेलाची लस टाळू नका. ती चालते. आमच्याकडे एका नर्सबाईंनी उगाच दोन महिने लांबवली.

## १०. पाळणाघर, शाळा, पाहुणे

पाळणाघराला तोंडी सांगून भागत नाही. फोटो लावलेला एक कागद द्या: काय खायला द्यायचं नाही, मॉइश्चरायझर किती वाजता, कोणती लक्षणं दिसली तर कोणाला फोन. "हे संसर्गजन्य नाही" हे वाक्य ठळक लिहा. दुसऱ्या मुलांच्या आया चट्टे बघून कुजबुजतात. शाळेतल्या वाढदिवसांसाठी आम्ही बाईंकडे चालणाऱ्या बिस्किटांचा एक डबा ठेवलाय. केक वाटला जातो तेव्हा तिला त्यातलं मिळतं.

पाहुण्यांना सगळं समजावत बसू नका. "डॉक्टरांनी नाही सांगितलंय" एवढं पुरे. मात्र आजी-आजोबांना एकदा सोबत डॉक्टरांकडे न्या. माझ्या आईने त्या खोलीत ऐकलं ते तिने मानलं. तेच मी घरी दहा वेळा सांगितलं होतं.

आता आमच्याकडे डबा अजून दर सोमवारी काट्यावर चढतो. केकमधलं नीट भाजलेलं अंडं गेल्या वर्षी इस्पितळातल्या चाचणीत चाललं, म्हणून ते घरी सुरू आहे. आम्लेट अजून नाही. त्याची चाचणी दिवाळीनंतर आहे आणि त्याआधी आठवडाभर सिरप बंद ठेवायचं, असं फ्रिजच्या दारावर लिहून ठेवलंय.